सांभाळणाऱ्यांसाठी काय आहे?

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीचा सांभाळ अनेकदा आयुष्यभराचा असतो. त्या घरांना हे आधार माहीत हवेतच :

● निरामय विमा : १९९९च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. थेरपीचा खर्चही धरला जातो. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणी नाही.

● पालकत्व : मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो.

● प्राप्तिकर : जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग नातलगासाठी ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाख.

● केंद्रीय कर्मचारी : महिलांना आणि एकल पुरुष पालकांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा, दिव्यांग अपत्यासाठी वयाची अट नाही. मुख्य काळजीवाहकाला नियमित बदलीतून सूट मागता येते.

● रेल्वे : एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीबरोबर सोबत्यालाही भाड्यात सवलत.

उणीव : २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. पण हा भत्ता अजून सर्वांना मिळत नाही; तो प्रत्येक गरजू घरापर्यंत पोहोचलाच पाहिजे.