एसएलआर : सुट्या भागांवर जगलेली रायफल

साताऱ्याकडच्या गावांत पारावर चार निवृत्त फौजी जमले, की त्यांतल्या निदान दोघांच्या हाताला एसएलआरची, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफलीची, ओळख असते. 1962 च्या युद्धात आपले जवान दर गोळीला बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या .303 रायफली घेऊन लढले. त्यानंतर 7.62 मि.मी.ची, वीस गोळ्यांच्या मॅगझिनची ही रायफल सर्रास हाती आली. घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि तिच्याच गॅसच्या जोरावर पुढची आत भरली जाते. पुढे सैन्यात इन्सास रायफल आली, तरी पोलीस दलांत एसएलआर राहिलीच. एवढं आयुष्य तिला मिळालं ते पोलादापेक्षा आर्मररच्या, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याच्या, कपाटातल्या सुट्या भागांमुळे, असं माझं मत आहे.

या रायफलीत आधी दमतात त्या स्प्रिंगा आणि बारीकसारीक भाग. दस्त्याच्या आत एकात एक बसवलेल्या दोन रिटर्न स्प्रिंगा असतात. त्या मऊ पडल्या की गोळीमागे चेंबर बंद करणारा ब्रीच ब्लॉक पूर्ण पुढे जात नाही. एक्स्ट्रॅक्टरची कड झिजली किंवा त्याची स्प्रिंग थकली, तर रिकामं खोकं चेंबरमध्येच राहतं आणि मागून येणारी गोळी त्यावर आदळते. फायरिंग पिनचं टोक तुटलं, तर घोडा दाबूनही काही होत नाही. हे भाग बदलणं तसं सोपं. अनेकदा मात्र रायफल अडते ती नुसत्या काजळीने. तेव्हा भाग न बदलता गॅस रेग्युलेटर थोडा फिरवला, पिस्टनला जरा जास्त गॅस दिला, की काम भागतं. चांगला आर्मरर म्हणूनच आधी साफसफाई बघतो, मग कपाट उघडतो.

ब्रीच ब्लॉकची गोष्ट वेगळी. गोळी सुटताना त्याचा मागचा भाग खाली झुकून बॉडीतल्या एका आडव्या पोलादी तुकड्याला टेकतो. त्याला लॉकिंग शोल्डर म्हणतात. वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी ही टेकण झिजते, ब्रीच ब्लॉक आणि गोळीचं बूड यांमधली जागा, म्हणजे हेडस्पेस, वाढते आणि खोकं फाटण्याचा धोका येतो. म्हणून लॉकिंग शोल्डर इंचाच्या काही हजारांश भागांच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत बनवतात. गेज लावून नेमका हवा तो निवडायचा. हे काम कारखान्याचं नाहीतर वर्कशॉपचं, जवानाचं नव्हे. दहा रायफली एकदम खोलून साफ करताना शेजाऱ्याचा ब्रीच ब्लॉक आपल्या रायफलीत गेला, तर हीच जुळणी बिघडते. त्यावर नंबर ठोकलेला असतो तो यासाठी.

कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसावा, ही कल्पना जुनी आहे. 1785 मध्ये पॅरिसजवळ ऑनोरे ब्लाँ या कारागिराने पन्नास बंदुकींच्या चापांचे सुटे भाग अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांच्यापुढे ठेवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे घेऊन काही चाप स्वतः जोडले आणि ते जुळले. एसएलआरच्या कुळात मात्र ही एकी पूर्ण नाही. मूळ बेल्जियमच्या फाल या रायफलीची मापं मेट्रिक, तिच्या ब्रिटिश आवृत्तीची इंचातली. मेट्रिक मॅगझिन ब्रिटिश रायफलीत ढिलं का होईना बसतं. उलट्या बाजूने बसत नाही. 1982 च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिना आणि ब्रिटन एकाच कुळाच्या रायफली घेऊन समोरासमोर होते, तरी एकमेकांची सगळी मॅगझिनं चालत नव्हती.

ईशापूरला बनलेल्या आपल्या एसएलआरचा, म्हणजे 1ए1 चा, लाकडी दस्ता तर आणखी निराळा. त्याच्या टोकाला ली-एनफिल्डसारखी झडपेची पट्टी आहे. झडप उघडली की आत तेलाची बाटली आणि पुल-थ्रू. फौजेत त्याला कुणी फुलथ्रू म्हणतात. नळीतून चिंधी ओढायची ती दोरी. या जुन्या झडपेइतकी कामाची वस्तू अख्ख्या रायफलीत दुसरी नसेल.

एक गोष्ट घरोघरच्या ट्रंकांसाठी. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात. आजोबांच्या सामानात आठवण म्हणून ठेवलेली फायरिंग पिन किंवा ब्रीच ब्लॉक सापडला, तर तो शोकेसमध्ये मांडू नका, भंगारातही देऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, तो रीतसर जमा करा आणि पोच घ्यायला विसरू नका.