किटली हातात घेतलेला सोनार

फोटो निघण्याच्या आधी माणसाचा चेहरा जपून कसा ठेवीत? ज्याच्याकडे पैसा असे, तो आपले तैलचित्र काढून घेई. जवसाचे तेल तुम्हाला माहीत आहेच. त्या तेलात रंगाची पूड घोटायची आणि चौकटीवर ताणलेल्या कापडावर ती कुंचल्याने लावायची. हा रंग सावकाश वाळतो. म्हणून चिताऱ्याला उजेड आणि सावली एकमेकांत हळूहळू मिसळता येते. गालाची गोलाई, चांदीची चमक, सगळे खरे वाटते.

असेच एक चित्र अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १७६८ साली काढले गेले. तेव्हा पुण्यात थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते. बोस्टनवर इंग्रजांचे राज्य होते. चिताऱ्याचे नाव जॉन कोपली. मोठमोठे व्यापारी रेशमी कपडे घालून त्याच्यापुढे बसत.

या चित्रातला माणूस मात्र कोट न घालताच बसला आहे. पांढरा सदरा, वर पुढून उघडे जाकीट. एक हात हनुवटीला, दुसऱ्या हातात चांदीची चहाची किटली. पुढे टेबलावर नक्षी कोरायची हत्यारे. नीट बघा, किटलीच्या चकाकीत त्याची बोटेसुद्धा दिसतात! हा पॉल रिव्हिअर, चांदीकाम करणारा सोनार, वय ३३. त्याचा बाप फ्रान्समधून आलेला, तोही सोनारच.

आता कामाचे टेबल इतके चकचकीत कुठे असते? आणि जाकिटाला सोन्याची बटणे! म्हणजे माणूस कष्टाचा, पण खाऊनपिऊन सुखी आहे, हे चिताऱ्याने हुशारीने दाखवले. इथले लोक चित्रकलेला सुतारकाम, शिंपीकाम यांसारखाच एक धंदा समजतात, अशी कोपलीची तक्रार असे. सुतार-शिंप्यात कमीपणा कसला, ते काही आम्हाला कळत नाही. पण त्यानेच एका कारागिराला हत्यारांसकट रंगवले, हे खरे.

या किटलीतही गोम आहे. १७६७ साली इंग्रज सरकारने चहावर कर बसवला. बोस्टनचे लोक म्हणाले, "तुमच्या पार्लमेंटात आमचा माणूस नाही, मग आमच्यावर कर कसला?" पुष्कळांनी चहा सोडला. डिसेंबर १७७३ मध्ये तर त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. हीच ती कंपनी, जिने १८१८ साली पेशवाई बुडवली. रिव्हिअर या चळवळीत पुढे होता. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री उसन्या घोड्यावर बसून तो निघाला आणि इंग्रज फौज येत असल्याची वर्दी त्याने गावोगाव दिली. दुसऱ्याच दिवशी लढाईला तोंड फुटले.

कोपलीचा सासरा चहाचा व्यापारी. समुद्रात गेलेला काही माल त्याच्याकडेच यायचा होता! कोपली १७७४ साली युरोपात गेला, तो परत आलाच नाही.

चित्र रिव्हिअरच्या घरीच राहिले. कोट नसलेला आजोबा घरच्यांना रुचत नसे, असे सांगतात. कित्येक वर्षे ते माळ्यावर पडून होते. १९३० साली वंशजांनी ते बोस्टनच्या कलासंग्रहालयाला दिले. रिव्हिअरने १७६८ सालीच घडवलेला चांदीचा एक मोठा वाडगाही त्याच संग्रहालयात आहे. तो करवून घेणाऱ्या १५ जणांची नावे त्यावर कोरलेली आहेत.