मासा पाण्यातून ऋतू वाचतो

मुरबाड तालुक्यात, धसईच्या शिवारात जूनचा पहिला दमदार पाऊस झाला, की खाचरांतलं गढूळ पाणी ओहोळांतून खाली नदीला मिळतं आणि मासे उलटे वर निघतात. उसळ्या घेत ते थेट भातखाचरांत चढतात, अंडी घालायला. हीच वलगण. निघायची वेळ झाली, हे त्यांना सांगतं कोण? पाणीच!

काचेच्या टाकीतही हेच नवल घडतं. गोल्डफिश रोहू-कटल्याच्याच कुळातला, पण थंड पाण्याचा. हजारेक वर्षांपूर्वी चीनमधल्या तळ्यांत तो माणसाळला. तिकडे हिवाळा सरून पाणी उबदार होऊ लागलं, की तो अंडी घालतो. ती ओढ इथेही सुटत नाही. म्हणून त्याच्या टाकीत हीटर लावून बारमाही एकच तापमान ठेवू नये. सह्याद्रीच्या पायथ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडतं, ते पडू द्यावं. पुढे ऊब वाढली, की नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांवर खसखशीएवढे पांढरे ठिपके उठतात. मादीचं पोट भरून येतं.

मग पाण्यातून निरोप सुटतो. अंडी पिकत आली, की मादी रात्री एक संप्रेरक पाण्यात सोडते. नराला त्याचा वास लागतो आणि पहाटेपर्यंत त्याच्या शरीरात वीर्य वाढतं. अंडी सुटायच्या वेळी दुसरं रसायन येतं, आणि नर मादीच्या पाठी लागतो. पाणवनस्पतींवर शेकडो चिकट अंडी विखुरतात. ती आईबापच खातात, म्हणून मोठे मासे लगेच दुसऱ्या टाकीत हलवावेत.

पाणी 24 अंशांच्या आसपास असेल, तर तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. सुरुवातीला ती काचेला चिकटून पोटाखालच्या बलकावर जगतात. पोहू लागली, की उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक पाण्यात कालवून अगदी चिमूटभर द्यावा. जास्त झाला तर पाणी नासतं.

या पिल्लांत सोनेरी एकही नसतं! सगळी मळकट, रानातल्या पूर्वजांसारखी. काही महिन्यांनी त्वचेतल्या काळ्या रंगपेशी मरतात, तेव्हा खालचा केशरी रंग उघडा पडतो. काहींचा रंग तर कधीच बदलत नाही. म्हणून पिल्लं काळपट निघाली तरी खट्टू होऊ नये. माणसानं हजार वर्षं निवडून घडवलेला रंग उमलायला थोडा वेळ लागणारच.