कराटे : पदश्रेणी व शाळेची पारख

कराटे या निःशस्त्र युद्धकलेत शिष्याची प्रगती दर्शविणारी श्रेणीव्यवस्था आणि तिच्या अनुषंगाने कराटे-शाळेचा (डोजोचा) दर्जा ठरविण्याच्या कसोट्या. कमरेचा रंगीत पट्टा हे श्रेणीचे दृश्य चिन्ह होय. काळा पट्टा म्हणजे नैपुण्याची परिसीमा, असा सर्वसामान्य समज आहे; तो बरोबर नाही. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीस जपानीत ‘शोदान’ म्हणतात आणि त्यातील ‘शो’ या चिन्हाचा अर्थच ‘आरंभ’ असा आहे. मूलभूत हालचाली अंगवळणी पडल्या असून खऱ्या शिक्षणास आता प्रारंभ करता येईल, एवढेच तो पट्टा सांगतो.

ही व्यवस्था कराटेची मूळची नव्हे. ओकिनावा बेटावर जुने गुरू मोजक्या शिष्यांना खाजगी रीत्या शिकवीत. तेथे पट्टे नव्हते, की प्रमाणपत्रे नव्हती. ‘दान’ ही संज्ञा ‘गो’ या पटावरील खेळातून आली. ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८८३ मध्ये ती आपल्या शिष्यांना लागू केली. फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकिओत कराटेची प्रात्यक्षिके दाखविली व १९२४ मध्ये कानोंच्या धर्तीवर आपल्या काही शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. याउलट, गोजू-र्‍यू पंथाचे संस्थापक मियागी चोजून (१८८८–१९५३) यांनी आपल्या शिष्यांस दान श्रेणी दिल्याच नाहीत. त्यांच्या शिष्यांच्या पदव्या त्यांच्या मृत्यूनंतरच्या. पदवीवाचूनही विद्या होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

सध्या बहुतेक पंथांत ‘क्यू’ या कनिष्ठ श्रेणी उतरत्या क्रमाने (उदा., १० ते १) व ‘दान’ या वरिष्ठ श्रेणी चढत्या क्रमाने मोजतात. पट्ट्यांचे रंग संस्थेगणिक बदलतात. नियमित सराव करणाऱ्या प्रौढास शोदानपर्यंत पोहोचण्यास साधारणतः तीन ते पाच वर्षे लागतात. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू व वादो-र्‍यू हे चार प्रमुख पंथ. त्यांत अनेक संघटना असून सर्वांवर बंधनकारक असे पदवीचे एकच प्रमाण नाही. त्यामुळे एका संस्थेचा तिसरा दान दुसऱ्या संस्थेच्या पहिल्या दानाहूनही उणा असू शकतो. स्वतःची संघटना काढून स्वतःच दहावा दान धारण करणारेही आढळतात. पदवी किती मोठी, यापेक्षा ती कोणी, कोणत्या परीक्षेअंती व किती वर्षांच्या सरावानंतर दिली, हे विचारणे अधिक उपयुक्त. सच्च्या शिक्षकास या प्रश्नांचा राग येत नाही.

परीक्षेत किहोन (मूलभूत तंत्रे), काता (ठराविक हालचालींचे अनुक्रम) व कुमिते (प्रतिस्पर्ध्याशी सामना) ही तिन्ही अंगे पाहिली जातात. परीक्षक शिक्षकाहून वेगळा असणे इष्ट. जेथे कोणीही कधी अनुत्तीर्ण होत नाही आणि दर दोन-तीन महिन्यांनी शुल्क घेऊन पट्टा बदलतो, तेथे परीक्षा हा उत्पन्नाचा मार्ग झाला आहे असे समजण्यास हरकत नाही.

शाळेची खरी पारख मात्र प्रत्यक्ष वर्ग पाहूनच होते. जोडीच्या सरावात हल्ला करणाराची मूठ समोरच्यापर्यंत खरोखर पोहोचणारी असते काय, हे पाहावे. ती हातभर अलीकडेच थांबणार असेल, तर बचाव करणारा काहीच शिकत नाही. अंतर व वेळ यांचा अंदाज त्यास येत नाही. अशा वर्गातून मिळणारा आत्मविश्वास अज्ञानाहून घातक, कारण तो संकटाच्या वेळी पळून जाण्याची शहाणी बुद्धीही हिरावून घेतो. दुसऱ्या टोकास, नवशिक्याच्या डोक्यावर वारंवार आघात होऊ देणारा शिक्षक ‘कठोर’ नव्हे, बेजबाबदार होय. वेगाने निघालेला ठोसा अंगाशी रोखण्याचे नियंत्रण ज्येष्ठ शिष्यांत दिसले, तर शिक्षण बरे चालले आहे. काता शिकविताना त्यातील हालचालींचा उपयोग (बुंकाई) समजावून दिला जातो की केवळ कवायत होते, हेही पाहण्याजोगे आहे.

पदकांवरून शाळेची निवड करताना सावधगिरी बाळगावी. टोकिओ येथील ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये भरलेल्या) कराटेचा समावेश होता, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नव्हता. परंतु ‘जागतिक’ म्हणविणाऱ्या खाजगी स्पर्धा अनेक असतात व त्यांत लहान लहान गट पाडून पदके वाटली जातात. स्पर्धेतील गुण व आत्मसंरक्षण ही तशीही एकच गोष्ट नव्हे.

मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने काळा पट्टा बांधला, तरी प्रौढाच्या बळापुढे त्याचा निभाव लागत नाही आणि हे पालकांना स्पष्टपणे सांगणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. काही संघटना म्हणूनच अल्पवयीनांस ‘कनिष्ठ’ दान देतात व ठराविक वयानंतर पुन्हा परीक्षा घेऊन पूर्ण दान बहाल करतात.