संकेतस्थळाचे स्वस्थवृत्त

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण प्रथम आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन त्यानंतर, असा आयुर्वेदाच्या प्रयोजनाचा क्रम आचार्यांनी सांगितला आहे. चिकित्सालयाच्या संकेतस्थळाबाबत मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो. संकेतस्थळ तयार होते, त्याचे उद्घाटन होते आणि नंतर ते बिघडेपर्यंत कोणी त्याकडे पाहत नाही. आपल्यापैकी अनेकांची संकेतस्थळे वर्डप्रेस या प्रणालीवर चालतात. तिच्याच संदर्भात या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे.

स्वरूप

मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. ही प्रणाली विनामूल्य असून आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. तिचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. मूळ प्रणाली हा पहिला, बाह्यरूप ठरविणारी थीम हा दुसरा आणि भेटीची वेळ ठरविणे, छायाचित्रे दाखविणे अशी एकेक कामे करणारी प्लगिन्स हा तिसरा. हे भाग निरनिराळे लोक तयार करतात. म्हणून प्रत्येकाचे अपडेट स्वतंत्रपणे येते व ते स्वतंत्रपणेच घ्यावे लागते.

व्याधी

संकेतस्थळाच्या अनेक व्याधींपैकी एक आपल्या व्यवसायाला विशेष घातक आहे. तिला ‘फार्मा हॅक’ म्हणतात. यात संकेतस्थळ वरकरणी निरोगी दिसते. परंतु गूगलसारख्या शोधयंत्राला त्याच पत्त्यावर कामोत्तेजक गोळ्यांच्या जाहिराती दाखविल्या जातात. रुग्णाने वैद्याचे नाव शोधले की त्या नावाखाली त्या जाहिराती येतात. ज्या प्रकारच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, त्याच आपल्या नावावर झळकतात. त्या आपण दिलेल्या नाहीत, हे रुग्णाला कसे कळावे?

परीक्षा सोपी आहे. गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला जोडून अपूर्णविराम व लगेच आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. येणाऱ्या यादीत आपण न लिहिलेली पाने दिसल्यास व्याधी जडली आहे असे समजावे.

हेतू

‘माझ्या लहानशा संकेतस्थळाशी कोणाचे वैर?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वैराचा येथे संबंध नाही. हल्ला करणारी आज्ञावली लक्षावधी पत्ते आपोआप तपासते आणि जेथे जुनी आवृत्ती सापडेल तेथे शिरते. शिवाय सुधारणा प्रसिद्ध होताच जुन्या आवृत्तीतील दोष कोठे होता, हेही जाणकारांना उघड होते. वर्डप्रेसच्या ४.७ व ४.७.१ या आवृत्त्यांत प्रवेशनावाशिवाय कोणालाही मजकूर बदलता येईल असा दोष होता. २६ जानेवारी २०१७ रोजी तो ४.७.२ मध्ये दूर झाला, १ फेब्रुवारीस त्याची माहिती जाहीर झाली आणि ज्यांनी अपडेट घेतले नव्हते त्यांची लक्षावधी पाने विद्रूप झाली.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ या प्लगिनच्या जुन्या आवृत्तीतून संसर्ग पसरला व गूगलने ११,००० हून अधिक संकेतस्थळे धोकादायक ठरविली. हे प्लगिन अनेक थीममध्येच अंतर्भूत असल्याने ते आपल्याकडे आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. २०१७ मधील ‘डिस्प्ले विजेट्स’चे उदाहरण निराळे आहे. ते प्लगिन दुसऱ्यास विकले गेले व नव्या मालकाच्या काळात त्यात छुपा मजकूर घुसविणारी आज्ञावली आली. कल्पाचे नाव तेच, पण बनविणारा बदललेला, असाच हा प्रकार. सशुल्क प्लगिनच्या फुकट वाटल्या जाणाऱ्या चोरट्या प्रती तर भेसळयुक्त द्रव्याप्रमाणे सर्वथा वर्ज्य समजाव्यात.

चर्या

१) आठवड्यातून एकदा नियंत्रण-कक्ष उघडून अपडेट पाहावेत. मूळ प्रणालीचे लहान सुरक्षा-अपडेट ३.७ या आवृत्तीपासून (२०१३) आपोआप येतात. प्लगिनसाठी ही सोय ५.५ पासून (२०२०) आहे. परंतु ती आपण सुरू करावी लागते.

२) मोठ्या अपडेटपूर्वी फाइली व डेटाबेस या दोहोंचा बॅकअप घ्यावा. तो त्याच सर्व्हरवर न ठेवता अन्यत्र ठेवावा. तीन महिन्यांतून एकदा तो पूर्ववत उघडतो की नाही, हेही पाहावे.

३) न वापरलेली प्लगिन्स व थीम केवळ बंद न करता काढून टाकावीत. बंद प्लगिनच्या फाइली सर्व्हरवर राहतात व त्यांतील दोषही राहतो.

४) नवे प्लगिन घेण्यापूर्वी त्याचे शेवटचे अपडेट केव्हाचे, ते पाहावे.

५) ‘अ‍ॅडमिन’ हे प्रवेशनाव टाळावे. एप्रिल २०१३ मध्ये याच नावावर पासवर्डचा भडिमार करणारा मोठा हल्ला झाला होता. पासवर्ड लांब असावा व सोबत भ्रमणध्वनीवरील दुसरी पडताळणी असावी. काम सोडून गेलेल्या साहाय्यकाचे खाते त्याच दिवशी बंद करावे.

६) भेटीच्या अर्जात नाव व दूरध्वनी एवढेच विचारावे. रुग्ण तेथे आपली लक्षणे लिहितो व ती डेटाबेसमध्ये साठत राहतात. जे साठविलेच नाही, ते चोरीस जात नाही.

आतुरावस्था

संसर्ग झालाच तर होस्टिंग पुरवठादारास कळवावे, सर्व पासवर्ड बदलावेत आणि संसर्गापूर्वीचा बॅकअप पूर्ववत करावा. येथे थांबू नये. ज्या जुन्या प्लगिनमधून संसर्ग शिरला, ते अद्ययावत केले नाही अथवा काढले नाही, तर व्याधीचा पुनरुद्भव ठरलेला. निदानपरिवर्जनावाचून चिकित्सा पूर्ण होत नाही, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

ही कामे तंत्रज्ञाकडे सोपविण्यास हरकत नाही. परंतु संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी व मुख्य प्रवेशाधिकार वैद्याच्या स्वतःच्या नावे असावेत. रुग्ण आपली व्यथा तंत्रज्ञाच्या नव्हे, वैद्याच्या भरवशावर लिहितो. म्हणून तिच्या रक्षणाचे दायित्वही वैद्याचेच आहे. इत्यलम्।