प्रवराकाठाहून घारापुरीकडे

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. राहाता तालुक्यातील कोल्हार बुद्रुकचे पाणी म्हणजे प्रवरेचे पाणी. रतनगडाच्या परिसरात उगम पावून ते पूर्वेकडे वाहते, प्रवरासंगमास गोदावरीला मिळते आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात जाते. येथील विद्यार्थ्याला नदीचा पूर ठाऊक असतो, पाटाचे आवर्तन ठाऊक असते. परंतु दिवसातून दोनदा चढणारे व दोनदा उतरणारे पाणी त्याने बहुधा पाहिलेले नसते. या भागातील शाळांच्या सहली किल्ले, लेणी व तीर्थक्षेत्रे यांकडे वळतात. त्यांत एखाद्या बेटाची भर घालावयाची झाल्यास मुंबई बंदरातील घारापुरी हे सर्वांत सोयीचे ठिकाण होय. ते एकाच वेळी बेट आहे, जागतिक वारसास्थळ आहे आणि रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील एक ग्रामपंचायतही आहे. यांपैकी तिसरी गोष्ट बहुतेक पाहुण्यांच्या लक्षात येत नाही.

कोल्हारपासूनच सुरू होणारा कोल्हार-घोटी मार्ग या प्रवासास उत्तम. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा हा रस्ता बराचसा प्रवरेच्या खोऱ्यातून, नदीच्या उलट दिशेने चढत जातो. राजूरनंतर भंडारदऱ्याचा परिसर लागतो. ज्या धरणाच्या पाण्यावर खालचे ऊसमळे उभे राहिले, ते १९२६ मध्ये पूर्ण झालेले धरण मुलांना जाता जाता दाखविता येते. बारी गावाशी १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर दिसते. घोटीला मुंबई-नाशिक महामार्ग मिळतो व कसारा घाट उतरला की कोकण सुरू होते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर असल्याने एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. आदल्या दिवशी निघून ठाणे किंवा मुंबई येथे मुक्काम करणे, हेच मुलांच्या व चालकाच्याही दृष्टीने योग्य. राज्य परिवहन महामंडळ शालेय सहलींना सवलतीच्या दरात गाड्या देते. त्यासाठी मागणी मात्र पुरेशी अगोदर नोंदवावी लागते.

पाण्याची वेळ

गेट वे ऑफ इंडियापासून घारापुरी सुमारे १० किलोमीटरवर असून यांत्रिक नौकेने तासाभराचा प्रवास आहे. सोमवारी लेणी बंद असतात. पहिली फेरी सकाळी नऊच्या सुमारास सुटते. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबविल्या जातात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ शाळांनी निवडावा.

भरती-ओहोटी हा विषय वर्गात अगोदर शिकविला तर प्रवासात त्याचा प्रत्यय येतो. कोकणातील मच्छीमारांचा ठोकताळा असा, की पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजी वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारच्या सुमारास उधाण असते. त्या वेळी मुंबईच्या बंदरात भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरांहूनही अधिक होतो. भरतीची वेळ दररोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. भिंतीवरील पंचांग पाहून सहलीच्या दिवसाची भरती काढावयास सांगितल्यास सातवीचा विद्यार्थीही ती काढू शकेल. ओहोटीच्या वेळी बेटाभोवती चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात, तिवरांची मुळे दिसू लागतात. तेथे मुलांना उतरू देऊ नये.

येथे दोन घटनांचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या, शंभरावर प्रवासी असलेल्या नौकेवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. नदीकाठच्या मुलाला पोहता येते, हा पालकांचा भरवसा समुद्रात उपयोगी पडत नाही. प्रत्येक मुलाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय व त्याचे बंद नीट बांधल्याशिवाय शिक्षकांनी नौका सोडू देऊ नये; जाकिटे पुरेशी नसतील तर दुसऱ्या नौकेची वाट पाहावी. मुलांची गणती धक्क्यावर, नौकेत आणि बेटावर उतरल्यावर अशी तीनदा व्हावी. नौकेच्या एकाच बाजूला छायाचित्रांसाठी गर्दी होऊ देऊ नये.

लेणे

शेतबंदराच्या लांब धक्क्यावर उतरल्यानंतर छोटी आगगाडी पायथ्याशी नेते. मुलांनी चालत जाणेच बरे, कारण दोन्ही बाजूंस खाडीचे जीवन दिसते. पुढे शंभरावर पायऱ्या चढून मुख्य लेण्यापाशी पोहोचता येते. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याचे प्रवेशशुल्क नाही.

प्रवराकाठची काळी माती ज्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झाली, त्याच जातीच्या खडकात सहाव्या शतकाच्या सुमारास हे लेणे कोरले गेले. कोणी कोरविले, याचा निर्णय झालेला नाही. येथील शिलालेख पोर्तुगीजांनी पोर्तुगालला पाठविला व तो पुढे नाहीसा झाला. उत्खननात सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराज याच्या नाण्यांवरून अनेक अभ्यासक हे काम कलचुरींच्या काळातील मानतात. ज्यांनी वेरूळचे २९ क्रमांकाचे लेणे, म्हणजे धुमार लेणे, पाहिले आहे, त्यांना दोहोंच्या रचनेतील साम्य चटकन जाणवेल.

दक्षिणेकडील भिंतीत सुमारे साडेपाच मीटर उंचीची त्रिमुखी मूर्ती आहे. तिला लोक त्रिमूर्ती म्हणतात आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तिची ओळख करून देतात. वस्तुतः ती सदाशिवाची मूर्ती आहे. मधले मुख शांत तत्पुरुषाचे, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे उग्र अघोराचे व उजव्या हाताचे, कमळ धारण केलेले, सौम्य वामदेवाचे. प्रथम आत शिरताच काही दिसत नाही. डोळे काळोखाला सरावले की हळूहळू चेहरे बाहेर येतात. म्हणून मुलांना तेथे पाच मिनिटे शांत बसवावे. त्यानंतर अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वती विवाह, अंधकासुरवध व नटराज ही शिल्पे पाहावीत. अनेकांचे हातपाय तुटलेले आहेत. पोर्तुगीज अमलात येथे मोठी नासधूस झाली. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला.

पाहुणे जातात, गाव राहते

बहुतेक पाहुणे लेणी पाहून परततात. बेटावर शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर अशा तीन वस्त्या असून तेथील लोक मासेमारी, थोडी शेती आणि पाहुण्यांवर चालणारी दुकाने व खानावळी यांवर जगतात. मुंबईचे दिवे समोर लखलखत असताना या गावाला कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर केबलद्वारे. तोपर्यंत सायंकाळी काही तास डिझेल जनित्र चालत असे. पाणी हा बेटावरचा जुनाच प्रश्न. पावसाचे साठविलेले पाणी हाच मुख्य आधार राहिला आहे. कोरीव टाकी तेथे प्राचीन काळापासून आहेत, यावरून त्याचे महत्त्व कळते.

पंचायत सदस्यांनी हे गाव मुद्दाम पाहावे. ग्रामपंचायत पाहुण्यांकडून कर घेते, परंतु पाहुण्याने टाकलेली बाटली व पिशवी बेटावरच राहते. ती हलवावयाची तर नौकेतूनच न्यावी लागते. शिर्डी व शनिशिंगणापूर यांमधील वर्दळीच्या रस्त्यावर असलेल्या कोल्हारला हा प्रश्न परका नाही. येणारा दिवसभरात निघून जातो, सफाई मात्र यजमान गावाने करावयाची असते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला कचरा आपल्याच पिशवीत मुंबईपर्यंत परत आणावा, अशी सक्ती सहलीपुरती करण्यास हरकत नाही. जेवण मात्र बेटावरच घ्यावे. त्याची चार पैशांची मिळकत गावात राहते. खाद्यपदार्थ हातात घेऊन चढू नये, माकडे फार धीट आहेत.

परतीची अखेरची फेरी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास असते. पाहुण्यांना बेटावर रात्री राहता येत नसल्याने शाळांनी चारलाच धक्का गाठावा.

पोर्तुगीजांनी या बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले ते राजबंदराजवळच्या दगडी हत्तीवरून. १८६४ मध्ये तो उचलून नेण्याच्या खटपटीत फुटला. पुढे १९१४ मध्ये त्याचे तुकडे जोडण्यात आले. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयालगत उभा आहे. बाग बुधवारी बंद असते, म्हणून बेट गुरुवारी व हत्ती शुक्रवारी सकाळी, असा क्रम ठेवावा. दुपारपूर्वी भायखळा सोडल्यास दिवस मावळण्याआधी कसारा घाट चढून घोटीला पोहोचता येते.