करवतीला बोट कसं कळतं?

बेळगाव-निपाणीकडच्या एखाद्या सुतारकारखान्यात डोकावा. टेबलातून वर आलेलं गोल पातं गरगरतंय, भुसा उडतोय आणि कारागिराची बोटं पात्यापासून वीतभर लांब. या पात्याला लाकूड आणि बोट वेगळं कळलं तर?

मोबाइलच्या पडद्यावर लाकडी पट्टी टेकवा, तो ढिम्म. बोट लावा, लगेच हलतो. शरीरातून वीज वाहते, कोरड्या लाकडातून जवळजवळ नाहीच. हाच फरक हेरून अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये ‘सॉस्टॉप’ करवत घडवली.

पात्यात अगदी क्षीण विद्युतसंकेत खेळता असतो. बोट टेकताच त्यातला थोडा अंगात ओढला जातो. भरल्या घागरीला भोक पडावं तसा संकेत घसरतो. त्याच क्षणी दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते, ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत रुततो आणि पातं टेबलाखाली जातं. सारं साधारण ५ मिलिसेकंदांत, पापणी लवायच्या कितीतरी आधी! बोटावर बहुधा ओरखडाच उरतो.

ठोकळा मात्र बाद, बरेचदा पातंही. शिवाय पावसाळ्यातलं ओलं लाकूडही यंत्राला बोटासारखं वाटू शकतं. साध्या करवतीवर मग पात्यावरचं झाकण आणि लाकूड ढकलायची काठी, हेच बोटांचे राखणदार.